बाबा आमच्या आधी पोचले

आमच्या साप्ताहिकाकडे आठवड्याला एखादं तरी असं पत्र यायचं. अमक्या विहिरीवर बाई दिसते, तमक्या चिंचेखाली कोणी हाक मारतं... मी ती वाचून टोपलीत टाकायचो. चेष्टा म्हणून नाही. त्यांत वेळ नसायची, ठिकाण धड नसायचं, आणि पाहणारा माणूस नेहमी दुसऱ्याच गावचा निघायचा. वेळ, ठिकाण आणि साक्षीदार नसेल तर मजकूर छापायचा नाही, हे मला माझ्या पहिल्या संपादकांनी शिकवलं होतं. भुताखेतांविषयी माझं मत तेव्हाही चांगलं नव्हतं, आजही नाही. तरी हा मजकूर मी लिहितो आहे. तिन्ही गोष्टी देतो. टोपलीत टाकायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी बुलढाण्याला एका साप्ताहिकात काम करायचो आणि बाहेरगावच्या एका दैनिकाला जिल्ह्याच्या बातम्या पाठवायचो. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, बायको सुमन, सहा महिन्यांची मुलगी आणि माझे वडील. आई आधीच गेली होती. बाबा खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये पस्तीस वर्षं फिटर होते. उंच, हाडापेराने मजबूत, बोलणं मोजकं. उजव्या अंगठ्याच्या पेरावर एक तिरपा व्रण होता. तरुणपणी जिनाच्या पात्याने अंगठा जवळजवळ कापला गेला होता, त्याची खूण.

माघात एके सकाळी दाढी करता करता त्यांच्या हातून वस्तरा पडला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. सरकारी दवाखान्यात दोन महिने होते. शुद्धीवर असायचे, सगळं समजायचं. डॉक्टरांनी एक रीत लावून दिली होती. होकार असेल तर डोळे एकदा मिटायचे, नकार असेल तर दोनदा. बाबा त्यावर नीट उत्तरं द्यायचे. पाणी हवं? एकदा. उशी उंच करू? दोनदा. एकच गोष्ट त्यांना चालत नसे. न्हावी दाढी करून आरसा समोर धरायचा तेव्हा ते डोळे मिटून घेत आणि आरसा बाजूला होईपर्यंत उघडत नसत.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं, की आता औषधाचं काम संपलं, उरलं ते सांभाळणं. खाट रिकामी करून हवी होती. नांदुऱ्याच्या बाहेर, रेल्वेच्या रुळांपासून फर्लांगभरावर, एका जुन्या धर्मशाळेत कोणा ट्रस्टने असे रुग्ण ठेवायची सोय केली होती. पाटीवर 'शुश्रूषागृह' लिहिलेलं होतं. लोक त्याला धर्मशाळेचा दवाखाना म्हणत. तिथे कोणी बरं व्हायला जात नसे. कुशीवर वळवणं, भरवणं, पाठीला जखमा होऊ न देणं, एवढंच तिथलं काम. अंगावर मूल असलेली सुमन एकटी हे करू शकत नव्हती आणि मी दिवसभर बाहेर. मी हो म्हटलं.

आदल्या संध्याकाळी बाबांना विचारलं, "बाबा, नांदुऱ्याले जाचं हाय उद्या. तिथं नर्स आहेत, चांगलं पाह्यतात. चालन न?"

त्यांनी डोळे एकदा मिटले. मी पुन्हा विचारलं नाही. बातमीत मी प्रत्येक गोष्ट दोनदा विचारून घ्यायचो, हे इथे नोंदवून ठेवतो.

निघायच्या सकाळी मी स्वतः त्यांचं अंग पुसलं, पाय साबणाने धुतले, धुतलेली चादर घातली. दवाखान्याने पाठवणीचा कागद केला. त्यावर रुग्णाचा अंगठा लागतो. उजवा हात निकामी म्हणून कारकुनाने डावा अंगठा घेतला आणि लगेच ओल्या कापसाने पुसला. कागद माझ्या खिशात. साडेदहाला गाडी निघाली.

गाडी म्हणजे दवाखान्याची जुनी व्हॅन. ड्रायव्हर देऊळघाटचे रहीमभाई. मागे स्ट्रेचरवर बाबा, शेजारच्या बाकावर मी. बाकी कोणी नाही.

"ओ पेपरवाले," राजूर घाट उतरताना रहीमभाई म्हणाले, "या गाडीबद्दल लिहा न एकडाव. उतरतानी गरम होते ही. चढतानी तं होतेच होते."

"लिहितो."

"लिहितो म्हनता, अन् मंत्र्याचे फोटू छापता. मंत्री काय गरम होते काय?"

बाबांच्या डाव्या गालावर थोडं हसू आलं. मला ते आठवतं, कारण त्या दिवसात त्यांना हसताना मी शेवटचं तेव्हा पाहिलं.

मोताळ्याच्या अलीकडे मैलभरावर गाडी थांबलीच. रेडिएटरमधून वाफ निघत होती. विहीर शेतात दोन फर्लांग आत. बादली एक, डबे दोन, म्हणून मला रहीमभाईंबरोबर जावं लागलं. गाडी एका लिंबाच्या सावलीत होती. मागचं दार उघडं ठेवलं आणि बाबांना सांगितलं, "पाणी आणतो, आलोच." घड्याळ पाहायची सवय होती. बारा वाजून पाच मिनिटं.

परत आलो तेव्हा साडेबारा व्हायला आले होते. बाबा होते तसेच होते. फक्त तोंड माझ्या बाकाकडे होतं ते आता दुसऱ्या बाजूला होतं. स्वतःहून मान फिरवणं त्यांना दोन महिन्यांत जमलं नव्हतं. माझ्या मनात आलं, गाडी थांबताना धक्क्याने झालं असेल. पण गाडी थांबल्यावर तर मी त्यांच्याशी बोललो होतो, समोरासमोर. हे मला तेव्हा सुचलं नाही. रात्री सुचलं.

नांदुऱ्याला पोचलो तेव्हा एक पस्तीस झाले होते. ऊन मी म्हणत होतं. धर्मशाळेच्या व्हरांड्यात आम्ही दोघांनी स्ट्रेचर उतरवून ठेवलं. आतून सिस्टर आल्या. नगरकडच्या, चाळिशीच्या, करड्या आवाजाच्या बाई. त्यांच्या मागे कारकून वानखडे, काखेत रजिस्टर.

मी बाबांचं नाव सांगितलं. सिस्टरांनी स्ट्रेचरकडे पाहिलं, मग वानखड्यांकडे.

"ते तर मघाशीच आले," सिस्टर म्हणाल्या.

"कोण?"

"तुमचे वडील. सव्वाबाराला. आत खाटेवर आहेत."

मी हसलो. नावात घोटाळा झाला असणार. अशा ठिकाणी होतो. मी वानखड्यांकडून रजिस्टर मागून घेतलं.

इथे या ठिकाणचा नियम सांगायला हवा. पूर्वी एकदा कुणी नातेवाइकांनी भलत्याच म्हाताऱ्याला दुसऱ्याच्या नावावर आणून सोडलं होतं. तेव्हापासून रुग्णाने स्वतः आपलं नाव-गाव सांगायचं, वाचा नसेल तर खुणेने कबूल करायचं, आणि रजिस्टरात अंगठा द्यायचा. सही येणाऱ्यानेसुद्धा. अंगठा झाला की माणूस दाखल. बुलढाण्याहून आदल्या दिवशी ट्रंककॉल आला होता. त्यात फक्त बाबांचं नाव आणि 'उजव्या अंगाचा लकवा' एवढंच कळवलं होतं.

रजिस्टरात बाबांचं नाव होतं. आजोबांचं नाव होतं. वय बरोबर. जन्मगाव बरोबर, आणि ते गाव बाबांनी वयाच्या दहाव्या वर्षी सोडलं होतं. बुलढाण्याच्या दवाखान्यातही मी ते कधी लिहून दिलं नव्हतं. पूर्वीचं काम: फिटर. खाली जांभळ्या शाईचा अंगठा. पेरावर तिरपी पांढरी रेघ.

माझं हसू कुठे गेलं ते मला कळलं नाही.

मी मला येत होतं ते काम केलं. तिघांना वेगवेगळं विचारलं.

आधी वानखडे. "लकवा झालेला माणूस चालत आला, तुम्हाले काही वाटलं नाही?"

"वाटलं न. म्या म्हनलं, बाबाजी, तुमी तं माह्यापेक्षा चांगले चालता, इथं काऊन आले? तं म्हने, जागा पाह्याले आलो. कागद मांगच्या गाडीनं येऊन राह्यला. आता तुमचे दवाखानेवाले काय कळवतात त्याचा काही नेम असते काय? मागं एका बाईले बुवा म्हनून कळवलं होतं."

"कपडे?"

"धोतर, सदरा. डोक्याले काही नाही. पायात काही नाही."

"कुठून आले?"

"रस्त्यानं. गाडीघोडा काही पाह्यलं नाही म्या."

"अंगठा कोणता घेतला?"

"उजवा. त्यांनीच पुढं केला."

मग सिस्टर. त्यांनी बाबांना आत नेलं होतं. बाबांनी पाणी मागितलं, उभ्याने प्यायले. भांडं परत दिलं. मग खाटेच्या एका पायाशी वाकले. "पायाचा नट ढिला आहे म्हणाले," सिस्टरांनी सांगितलं, "आणि तसाच हाताने आवळला. मी म्हटलं, राहू द्या, आमचा माणूस करेल. तर म्हणाले, तुमचा मानूस कवा करन?"

मी आत जाऊन तो नट पाहिला. लोखंडी खाट, डोक्याकडचा उजवा पाय. नट गंजलेला होता, पण त्याच्या कडेला ताजा चकचकीत ओरखडा उमटलेला होता. मला तो बोटांनी तसूभरही हलला नाही. हे काम हाताने करणारा मी आयुष्यात एकच माणूस पाहिला होता.

खाटेवर कोणी नव्हतं. गादीवर लांब माणसाचा खळगा होता. गादी गरम लागली, पण उन्हाळ्याच्या दुपारी सगळंच गरम असतं, म्हणून त्याला मी पुरावा धरत नाही. खिडकीला गज. दार एकच, त्यात सिस्टर उभ्या होत्या.

शेजारच्या खाटेवर मांडीचं हाड मोडलेले तुळशीराम नावाचे मोताळ्याकडचे शेतकरी होते. तिसरे साक्षीदार तेच.

"इथले गृहस्थ कुठं गेले, काका?"

तुळशीरामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी थट्टा करतो आहे.

"हे काय, आता त उठले. तुमी आत आले, अन् ते उठले."

"मी आलो तेव्हा खाट रिकामी होती."

"रिकामी कशी? तुमी वाकून तो नट पाहून राह्यले होते न, तवा ते तुमच्या मांगं उभे होते. पाठीशी. तुमच्या खांद्यावर हात ठेवत होते..." त्यांनी आपला हात उचलून दाखवला. "मंग नाही ठेवला. गेले बाहीर."

सिस्टर दारातून म्हणाल्या, "माझ्यासमोरून कोणी गेलं नाही." त्यांचा आवाज आता करडा नव्हता.

माझ्या पाठीवरचा घाम एकदम गार झाला. दोन्ही खांदे आपोआप आवळले गेले. वळून पाहावंसं वाटलं आणि वळता येईना. हे मी जसंच्या तसं सांगतो आहे, वाढवून नाही.

तेवढ्यात बाहेरून रहीमभाईंनी हाक मारली. "ओ साहेब! इकडं या. लवकर या जरा."

रहीमभाई माशा वारत स्ट्रेचरपाशी बसले होते. बाबांच्या पायांवरची चादर सरकली म्हणून ती सारखी करायला गेले, आणि तशीच हातात धरून राहिले होते.

"सकाळी म्या पाह्यलं होतं," ते म्हणाले. "तुमी पाय धुऊन राह्यले होते. म्या पाह्यलं न?"

बाबांचे तळवे धुळीने भरलेले होते. बोटांच्या बेचक्यांत माती, टाचेच्या भेगांत माती, डाव्या घोट्याला कुसळं चिकटलेली. दोन महिने ते पाय जमिनीला लागले नव्हते. चादरीच्या आतल्या बाजूला दोन पावलांचे मातकट डाग होते.

मी त्यांचा उजवा हात चादरीखालून काढला. तो नेहमीसारखाच होता, जड, गार, बोटं वळलेली. मी बोटं उलगडली. अंगठ्यावर जांभळी शाई होती.

वानखडे मागून पाहत होते. त्यांच्याच शाईचा तो रंग. मी त्यांच्याकडून पॅड घेतलं, खिशातल्या पाठवणीच्या कागदाच्या मागे बाबांचा तोच अंगठा उमटवला आणि रजिस्टरशेजारी धरला. मी तज्ज्ञ नाही. पण तिरपी रेघ दोन्हीकडे सारखी होती. वरच्या टोकाला तिला एक बारीक फाटा होता, तोही दोन्हीकडे होता.

सिस्टरांनी मला खांबामागे बोलावलं.

"मी हे सांगणार नव्हते," त्या म्हणाल्या. "म्हातारा माणूस, डोक्यावर परिणाम झाला असेल, असं वाटलं. खाटेवर बसल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, माझा पोरगा एकाला घेऊन येतो आहे. त्याला इथं उतरवू नका."

"का?"

"मीही विचारलं. तर म्हणाले..." मग बाबांचेच शब्द त्यांनी जसेच्या तसे उच्चारले, आणि नगरकडच्या बाईच्या तोंडून ते वऱ्हाडी बोलणं ऐकून माझ्या अंगावर काटा आला. "'तो मी नाही. पोराले समजून नाही राह्यलं. तो मी नाही.'"

मी स्ट्रेचरपाशी गेलो आणि गुडघ्यावर बसलो. चेहरा बाबांचा होता. कानामागचा तीळ, भुवईतला पांढरा केस, डाव्या बाजूचा तुटका दात. सगळं तपासलं. एखाद्या अनोळखी प्रेताची ओळख पटवावी तसं मी माझ्या बापाला तपासत होतो.

"बाबा," मी म्हणालो. "तुमीच आहा न?"

त्यांचे डोळे उघडे होते. एकदाही मिटले नाहीत. दोनदाही मिटले नाहीत. माशी भुवईवरून डोळ्याच्या कोपऱ्यात आली तरी पापणी हलली नाही. ते माझ्याकडे पाहत नव्हते. माझ्या खांद्याच्या थोडं वर, मागे, पाहत होते. जिथे कोणी उभं असेल तर त्याचं तोंड येईल, तिथे. त्या नजरेत काय होतं ते मी पुष्कळदा ठरवायचा प्रयत्न केला. भीती होती. ते माझ्या मागच्याला भीत होते की तो दिसत नाही म्हणून भीत होते, ते सांगता येत नाही.

रहीमभाई ओठांतल्या ओठांत काही म्हणत होते.

वानखडे स्ट्रेचरपासून दोन पावलं मागे सरले होते, पण कारकून तो कारकूनच. "साहेब, ठेवता का नेता? ठेवाचं असन तं नाव दुसरं लागन. हे नाव त दाखल झालं. एका मानसाचे दोन अंगठे नाही घेता येत."

"दुसरं कोणतं नाव?"

"ते तुमी सांगा न. हे कोन हायेत ते तुमीच आनले."

असा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. बुलढाण्याची खाट तोवर दुसऱ्याला दिलेली असणार. घरी सुमन एकटी. इथे ठेवणंच शहाणपणाचं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्या स्ट्रेचरपासून तीस मैल लांब असावंसं वाटत होतं. पण मी हिशेब असा केला, की हे बाबा असतील, तर ज्या खाटेवरून त्यांनीच नको म्हणून सांगितलं तिथे त्यांना टाकता येणार नाही. आणि हे बाबा नसतील, तर जो कोणी आहे त्याला मीच उचलून इथवर आणलंय. नाव नसलेल्या माणसाला परक्यांच्या गळ्यात मारून जाता येणार नाही.

"नेतो," मी म्हणालो.

वानखड्यांना रजिस्टर पुरं करायचं होतं. त्यांनी बाबांच्या नावापुढे शेरा लिहिला. मी वाचला. 'दाखल झाल्यावर न सांगता निघून गेला. शोध घेतला. आढळला नाही.' मी हरकत घेतली नाही. दुसरं काय लिहायला सांगणार होतो?

येताना मी मागे बाकावर बसलो होतो. परतताना पुढे बसलो. याची मला आजही लाज वाटते. रहीमभाईंनी मागचं दिसणारा आरसा निघायच्या आधीच हाताने वर फिरवून टाकला. गाडी घाटात गरम झाली नाही. मागून काही आवाज आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, असंही एकदोनदा वाटलं.

दिवस मावळायच्या आत घरी पोचलो. सुमनने दार उघडलं.

"काऊन हो, परत आणलं?"

"जागा नव्हती."

तिने एकदा माझ्याकडे, एकदा बाबांकडे पाहिलं आणि पदर खोचला. "बरं झालं. मले तसंही बरोबर वाटत नव्हतं. मामंजी, चहा घेता न?"

बाबांनी डोळे एकदा मिटले.

ते आणखी चौदा महिने जगले. सुमनने त्यांचं सगळं केलं, आणि सकाळ-संध्याकाळ मी केलं. ती त्यांच्याशी दिवसभर बोलायची, भाजीवालीच्या कागाळ्या सांगायची, थट्टा करायची. "मामंजी, तुमचा पोरगा आज पुन्हा डबा विसरला, लेखक झाला न तो." मुलगी रांगत त्यांच्या खाटेपाशी जायची, त्यांच्या त्याच अंगठ्याला धरून उभी राहायची. ते चहाला हो म्हणायचे, उशीला नाही म्हणायचे. मलाही उत्तरं द्यायचे. त्या दुपारचा प्रश्न मी पुन्हा विचारला नाही. सुमनला ती हकीगत मी त्यांच्या मृत्यूनंतर सांगितली. ती म्हणाली, "माह्यासाठी ते मामंजीच होते." तिचं बरोबर आहे. ती तिथे नव्हती.

माझी खाट त्यांच्याच खोलीत होती. चौदा महिन्यांत मी एकदाही त्यांच्याकडे पाठ करून झोपलो नाही. पाठ भिंतीला लागेल असा, खांदे टेकवून झोपत असे.

स्पष्टीकरणं मी सगळी शोधून पाहिली. बाबांना भाऊ नव्हता. तोतया म्हणावं, तर त्याला मिळणार काय होतं? शाई सकाळच्या पॅडची म्हणावी, तर सकाळी डावा अंगठा घेतला होता आणि तो पुसलेला होता. धूळ गाडीतली म्हणावी, तर कुसळं गाडीत नसतात. आम्ही विहिरीवर गेलो ती वीस-पंचवीस मिनिटं आणि सव्वाबारा या वेळा जुळतात. पण त्या जागेपासून नांदुरा पंधरा-सोळा मैल आहे, आणि रजिस्टरातला माणूस तिथे बाराच्या सुमारासच रस्त्यावर दिसला होता, असं वानखड्यांनी निघताना सांगितलं होतं. सगळा मजकूर जुळतो, आणि त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. अशी बातमी मी दुसऱ्या कोणाची असती तर परत पाठवली असती.

बाबांना जाऊन वर्ष झालं असेल. बाजार समितीच्या एका सभेसाठी नांदुऱ्याला गेलो होतो. गाडीला वेळ होता, म्हणून पाय त्या धर्मशाळेकडे वळले. सिस्टरांची बदली झाली होती, वानखडे नोकरी सोडून गेले होते. तुळशीराम बरे होऊन घरी गेल्याचं कळलं. नवा कारकून तरुण आणि भला माणूस होता. मी नाव सांगितल्यावर त्याने जुनं रजिस्टर काढलं, बोट फिरवत ती ओळ शोधली, शेरा वाचला. त्याचा चेहरा उतरला. त्याने मला बसायला खुर्ची दिली.

"तुमचे वडील काय?" त्याने हळू विचारलं.

"हो."

"सापडले का हो मंग?"

ज्यांना मी चौदा महिने माझ्या हाताने भरवलं होतं आणि ज्यांना मी स्वतः अग्नी दिला होता, ते त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर होते. तरी उत्तर द्यायला मला विचार करावा लागला नाही.

"नाही," मी म्हणालो.